आइस बँकेची कॉइल गळतेय. महिनाभर भाड्याच्या चिलरवर डेअरी चालवता येईल का?

युटिलिटीवाला_चिकोडी

नमस्कार मंडळी. चिकोडी तालुक्यातल्या एका खाजगी डेअरीत युटिलिटी माझ्याकडे आहे. बॉयलर, अमोनिया, हवा, पाणी सगळं मीच बघतो. अडचण आइस बँकेची आहे, म्हणजे रात्री कॉइलवर बर्फ धरून दिवसा गार पाणी देणाऱ्या टाकीची.

गेल्या आठवड्यात टाकीजवळ वास यायला लागला. पाण्याचा पीएच बघितला तर नेहमीपेक्षा चढलेला. फेनॉल्फ्थॅलिनचा कागद बुडवला, गुलाबी झाला. म्हणजे कॉइलमधून अमोनिया पाण्यात येतोय. जुनी एमएस (माइल्ड स्टील) पाइपची कॉइल आहे. दोन ठिकाणी क्लँप लावून भागवलं, पण पाइप इतका पातळ झालाय की एक भोक बंद केलं तर शेजारी दुसरं पडतं. पूर्ण कॉइल बदलायची ठरलीय. फॅब्रिकेटर म्हणतो टाकी रिकामी करून द्या, तीन-चार आठवडे लागतील.

दोन्ही कॉम्प्रेसर ठणठणीत आहेत. कोल्ड रूम आणि दह्याची ब्लास्ट रूम थेट अमोनियावर आहेत, त्या चालू राहतील. बंद पडणार ते बर्फाचं पाणी. त्यावर रिसेप्शनचा प्लेट चिलर आणि पाश्चरायझरचं कूलिंग सेक्शन आहे.

आकडे देतो. रोजचं दूध साधारण ३०,००० लिटर. त्यातलं १८,००० बल्क कूलरवरून टँकरने ६-७ डिग्रीला येतं. उरलेलं १२,००० कॅनमधून, सकाळी ७,००० आणि संध्याकाळी ५,०००. या दिवसांत कॅनचं दूध ३३ डिग्रीला उतरतं. रिसेप्शन चिलर ताशी ३,००० लिटरचा, पाश्चरायझर ताशी ५,००० लिटरचा, रिजनरेशन (गरम दुधाच्या उष्णतेवर येणारं गार दूध तापवणं) ९० टक्के.

मालक म्हणतात, महिनाभर दूध दुसऱ्या डेअरीला वळवूया. मला ते पटत नाही. सदलगा, बेडकिहाळ, एकसंबा या भागातले गवळी किती वर्षं आपल्याकडे दूध घालतात. एक महिना दुसरीकडे घातलं की परत येतीलच याची खात्री कोण देणार? शिवाय लग्नसराई आहे, ताक आणि दह्याला आत्ताच मागणी.

पुण्याहून भाड्याने चिलर मिळतात असं ऐकलंय. किती टीआरचा (टन रेफ्रिजरेशन, गार करायची क्षमता) मागवू? कुठं जोडू? आणि त्यावर दूध खरंच ४ डिग्रीला जाईल का? ज्यांनी केलंय त्यांनी सांगा.

कागल_एमआयडीसी

मिळतात की दादा. पुणे, मुंबई आणि बेंगळुरू तिन्हीकडून येतात. तुम्हाला पुणं जवळ. आमच्याकडे प्रोसेस कूलिंगला उन्हाळ्यात भाड्याने आणला होता. एअर कूल्ड घ्या, कूलिंग टॉवरची भानगड नको. ५० टीआरचा पुरेल असं वाटतं, ७ डिग्रीचं पाणी आरामात देतो.

कागदपत्रं आधी तयार ठेवा. यंत्र महाराष्ट्रातून कर्नाटकात येणार, म्हणून डिलिव्हरी चलन आणि ई-वे बिल दोन्ही लागतात, भाड्याचं असलं तरी. भाड्यावर १८ टक्के जीएसटी धरा. चलनावर यंत्राचा सीरियल नंबर आणि 'भाड्याने, परत येणार' असं स्पष्ट लिहून घ्या. परत जातानाही तेच कागद लागतात. कोगनोळी नाक्याजवळ गाडी अडकून पडली की डेअरीत दूध वाट बघत बसत नाही.

अमोनियाकाका_बेळगाव

चिकोडीच्या दादा, आधी एक सांगतो, चिलरचं नंतर.

टाकीत माणूस उतरवण्याआधी कॉइल पूर्ण रिकामी झालीय याची खात्री स्वतः करा, फॅब्रिकेटरवर सोडू नका. लिक्विड व्हॉल्व्ह बंद करून पंप डाउन केलं (गॅस ओढून घेतला) तरी पाइपच्या पोटात तेल आणि तेलात विरलेला अमोनिया राहतोच. नायट्रोजनने पर्ज करा (आतला गॅस हुसकून लावा), दोन्ही बाजूंना ब्लाइंड फ्लँज (तोंड बंद करणारी चकती) घाला. नुसत्या व्हॉल्व्हवर विश्वास ठेवून टाकीत वेल्डिंग करू नका. हवेत साधारण १५ ते २८ टक्के अमोनिया असला तर तो पेट घेतो, आणि बंदिस्त टाकीत वेल्डिंगची ठिणगी असतेच. ब्लोअर लावा, वर एक माणूस कायम उभा ठेवा. नवी कॉइल टेस्ट करतानाही नायट्रोजनच. कोणी ऑक्सिजनचं सिलिंडर घेऊन आला तर गेटवरूनच परत पाठवा, तेलाला ऑक्सिजन लागला की स्फोट होतो.

आता तुमचा प्रश्न. कागलच्या दादांनी कागदांचं सांगितलं ते अगदी बरोबर. ५० टीआर आणि ७ डिग्री यावर मात्र थांबा. ७ डिग्रीच्या पाण्याने दूध ४ डिग्रीला जाणार नाही, कितीही टीआर लावा. तुम्हाला १-२ डिग्रीचं पाणी पाहिजे. साध्या पाण्यावर चालणारा चिलर तिथपर्यंत नेता येत नाही, इव्हॅपोरेटरमध्येच (पाणी जिथं गार होतं त्या भागात) बर्फ धरतो आणि ट्यूब फुटतात. म्हणून चिलरमध्ये ग्लायकॉल (लवकर न गोठणारं द्रावण) घालायचं, ते उणे ४-५ डिग्रीला चालवायचं, आणि मध्ये एक प्लेट हीट एक्स्चेंजर ठेवून पलीकडे तुमचं नेहमीचं पाणी दीड डिग्रीला आणायचं. ग्लायकॉल दुधाच्या प्लेटपर्यंत कधीच जाऊ द्यायचं नाही. पिनहोल सगळ्या प्लेट चिलरमध्ये कधी ना कधी पडतं, ते पाण्यात पडलं तर परवडतं.

भाड्याच्या कामात सगळ्यांचा घोटाळा होतो तो इथं. यंत्राच्या पाटीवरचा टीआर ७ डिग्रीचं पाणी आणि ३५ डिग्रीची हवा धरून लिहिलेला असतो. तेच यंत्र उणे ५ ला चालवलं तर पासष्ट-सत्तर टक्केच काम देतं. त्यात चिकोडीत दुपारी पारा ३९-४० ला जातो, म्हणजे आणखी पाच-सात टक्के कमी. आमच्या बेळगावात हवा जरा थंड, अडीच हजार फुटांवर आहोत, पण तुम्ही खाली उतरलात की उन्हाळा वेगळा. म्हणून पाटी बघून यंत्र घेऊ नका, त्या मॉडेलचा तक्ता मागा आणि उणे ५ व ४० डिग्रीच्या रकान्यात किती लिहिलंय ते बघा. तक्ता द्यायला जो कांकू करतो त्याच्याकडून यंत्र घेऊ नका.

आता तुमचा हिशेब मांडूया. एक टीआर म्हणजे ताशी ३,०२४ किलोकॅलरी. एक लिटर दूध एक डिग्री उतरवायला साधारण ०.९६ किलोकॅलरी लागते.

कॅनचं दूध: ताशी ३,००० लिटर, ३३ वरून ४, म्हणजे २९ डिग्री. गुणाकार करा, ८३,५०० किलोकॅलरी येतात, म्हणजे २७ ते २८ टीआर. पाश्चरायझर: ४ वरून ७२ ला तापवलेलं दूध ९० टक्के रिजनरेशननंतर १०.८ डिग्रीला बाहेर पडतं, तिथून ४ पर्यंत ६.८ डिग्री, ताशी ५,००० लिटर, म्हणजे ११ टीआरच्या आत. दोन्ही एकदम चालले तर ३८-३९. पंपाची उष्णता, पाइपचा ताप, उघडझाप धरून दहा टक्के वाढवा, ४२ टीआर. हा खरा भार. यावर उणे ५ आणि उन्हाचा हिशेब चढवला तर पाटीवर ७० च्या आसपासचं यंत्र लागतं, म्हणजे बाजारात ८० घ्यावं लागेल.

पण एवढं मोठं यंत्र आणण्याआधी भार उतरवा. आइस बँक होती म्हणून आजवर तुम्हाला घाईची किंमत कळली नाही. रात्रभर बर्फ धरायचा आणि सकाळी दोन तासांत वितळवायचा, ही साठवण आता नाही. आता ज्या क्षणी उष्णता येईल त्या क्षणीच ती काढायची.

एक, कॅनचं दूध प्लेट चिलरमध्ये जाण्याआधी बोअरच्या पाण्यातून न्या. तुमच्याकडे बोअरचं पाणी २५-२६ ला असेल. जुना एखादा छोटा प्लेट पॅक असला तर पहिल्या टप्प्याला लावा, ३३ चं दूध २८ ला येईल. तो भार फुकट गेला. ते पाणी वाया घालवू नका, बॉयलर फीड किंवा क्रेट धुवायला घ्या.

दोन, रिसेप्शन ताशी २,५०० वर चालवा. सकाळच्या ७,००० लिटरला अर्धा तास जास्त लागेल, तेवढं होऊ द्या. २८ वरून ४ पर्यंत २,५०० लिटरला १९ टीआर लागतात. पाश्चरायझरचे ११ आणि वरचे दहा टक्के धरून ३३ टीआर झाले. मग ६० टीआर पाटीचं यंत्र पुरतं. ८० आणि ६० मध्ये भाडं, वाहतूक, केबल, जनरेटर सगळ्यात फरक पडतो.

तीन, टँकर उतरवायची वेळ कॅनच्या वेळेवर येऊ देऊ नका. ७ वरून ४ करायला सुद्धा तो ताशी ३,००० लिटरला जवळपास ३ टीआर खातो.

जोडणीचं आता. आइस वॉटरच्या पुढच्या आणि मागच्या दोन्ही लायनींवर ३ इंची टी आणि बटरफ्लाय व्हॉल्व्ह घाला, टोकाला फ्लँज. हे काम यंत्र यायच्या आधी, एखाद्या सीआयपीच्या (यंत्रं-पाइप न उघडता आतून धुण्याच्या) वेळेत उरकून घ्या. मी आजवर जेवढी भाड्याची यंत्रं जोडली, त्यात यंत्र आल्यावर वेळ खाल्ला तो नेहमी पाइपने. यंत्र पुण्याहून एका रात्रीत येतं आणि इथं दोन दिवस फ्लँज शोधत उभं राहतं, आणि त्या दोन दिवसांचंही भाडं लागतं. तो टी काम संपल्यावर काढू नका. ब्लाइंड लावून तसाच ठेवा. उद्या कॉम्प्रेसर उघडायची वेळ आली तरी त्याच तोंडावर यंत्र लागेल. बेळगाव-कोल्हापूर पट्ट्यातल्या प्रत्येक डेअरीत आणि कोल्ड स्टोरेजमध्ये हे टॅपिंग आधीपासून असायला पाहिजे असं माझं ठाम मत आहे, मी प्रत्येक मालकाला हेच सांगत आलोय.

टाकी रिकामी असल्यामुळे पंपाला पाणी कुठून मिळणार, तेही बघा. १०,००० लिटरची पफ (फोम) इन्सुलेशनची एखादी जुनी स्टील टाकी असेल तर ती आइस वॉटरला लावा. एवढं पाणी १ वरून ४ डिग्रीला चढेपर्यंत १० टीआर-तास मिळतात. यंत्र ट्रिप झालं तर पंधरा-अठरा मिनिटं तुमच्या हातात राहतात. तेवढ्यात रिसेप्शन थांबवता येतं.

आणि हे विसरू नका: आइस वॉटरचा पंप बंद पडला की ग्लायकॉलचा पंप त्याच क्षणी बंद व्हायला पाहिजे. फ्लो स्विच घालून इंटरलॉक करा. उणे ४ चं ग्लायकॉल फिरत राहिलं आणि पलीकडे पाणी थांबलं तर प्लेटमध्ये बर्फ होऊन पॅक फुटतो.

युटिलिटीवाला_चिकोडी

काका, एवढं सविस्तर कोणी सांगत नाही, मनापासून आभार. जुना प्लेट पॅक स्टोअरमध्ये पडलाय, गॅस्केट बदलून लावतो. सकाळी पाश्चरायझर दहानंतर सुरू करता येईल, संध्याकाळी मात्र दोन्ही एकदम चालणार, कारण पॅकिंगच्या गाड्या पहाटे सुटतात.

आणखी दोन शंका. ग्लायकॉल कुठलं? पुरवठादार म्हणतो यंत्रात आधीच भरलेलं येईल, तुम्ही काही करू नका. आणि दुसरं, हेस्कॉमचा (वीज कंपनीचा) आमचा कॉन्ट्रॅक्ट डिमांड, म्हणजे मंजूर कमाल वीजभार, काठावरच आहे. एवढं मोठं यंत्र लावलं तर बिलात दंड बसेल का?

शिफ्टकेमिस्ट_रायबाग

मी डिस्टिलरीत शिफ्ट केमिस्ट आहे. आमचा धंदा वेगळा, पण भाड्याचा चिलर आम्हीही लावलाय, म्हणून लिहिते.

आमच्याकडे फर्मेंटर ३२-३३ डिग्रीला राहायला पाहिजे. ३६ च्या पुढे गेला की यीस्ट दमतं, अल्कोहोलचा टक्का घसरतो आणि मळीतली साखर तशीच राहते. एक किलो अल्कोहोल तयार होताना अंदाजे २८० किलोकॅलरी उष्णता सुटते. दिवसाला ६० हजार लिटरच्या प्लांटला म्हणजे ताशी साडेपाच लाख किलोकॅलरी, १८० टीआर. हे सगळं आजवर कूलिंग टॉवरवर चालतं.

लोकांना वाटतं एप्रिलमध्ये सगळ्यात जास्त त्रास होत असेल. तसं नाही. एप्रिलमध्ये रायबागची हवा कोरडी. ४० डिग्री तापमान आणि आर्द्रता २० टक्के असली तरी वेट बल्ब (ओल्या फडक्याच्या थर्मामीटरचं तापमान, टॉवरचं पाणी त्याच्या खाली जात नाही) २२ च्या आसपास राहतो आणि टॉवरचं पाणी २६ पर्यंत येतं. खरा त्रास पाऊस लागायच्या आधीच्या उकाड्यात. तापमान ३५ वर उतरतं पण आर्द्रता ५५ होते, वेट बल्ब २७ ला जातो आणि टॉवर ३१ च्या खाली पाणी देऊच शकत नाही. त्या पंधरा-वीस दिवसांसाठी आम्ही ६० टीआरचा चिलर घेतला. सगळा भार त्यावर टाकला नाही. टॉवरचं पाणी आधी, आणि त्यातलं थोडं चिलरमधून फिरवून शेवटचे दोन-तीन अंश काढायचे.

तुमच्यासाठी यातून दोन गोष्टी कामाच्या. यंत्र भिंतीजवळ ठेवू नका, चहुबाजूंनी दोन मीटर तरी मोकळं सोडा आणि वर शेड नको. कंडेन्सरची गरम हवा वर जाऊन परत आत ओढली गेली की यंत्र हाय प्रेशरवर ट्रिप होतं. आणि कंडेन्सरच्या जाळीवर लक्ष ठेवा. आमच्याकडे बगॅसचा (उसाच्या चिपाडाचा) भुसा बसतो. तुमच्या बाजूला सध्या उसाचं पाचट जाळलेली राख आणि रस्त्याची धूळ असेल. रोज संध्याकाळी आतून बाहेर पाणी मारायचं, जोराचा झोत नको, पत्र्या वाकतात.

अमोनियाकाका_बेळगाव

रायबागच्या ताईंनी वेट बल्बचं सांगितलं ते सोन्यासारखं आहे. एअर कूल्डला वेट बल्बशी संबंध नाही, पण जाळी आणि मोकळी हवा यावरच त्याचा जीव.

दादा, ग्लायकॉलचं. 'आधीच भरलेलं येईल' हे अजिबात मान्य करू नका. भाड्याचं यंत्र तुमच्याआधी कुठं होतं हे तुम्हाला माहीत नाही. प्लास्टिकच्या कारखान्यात असेल तर त्यात एथिलीन ग्लायकॉल असू शकतं, ते विषारी. डेअरीत प्रोपिलीन ग्लायकॉलच, तेही फूड ग्रेडचं, आणि बॅचचं सर्टिफिकेट तुमच्या फाइलला. यंत्र आल्यावर जुनं सगळं काढायला लावा, साध्या पाण्याने दोनदा फ्लश करा, मगच नवीन भरा. तीस टक्क्यांचं द्रावण उणे १३ च्या आसपास गोठतं, तुमच्या उणे ५ ला तेवढं पुरेसं. रिफ्रॅक्टोमीटर (द्रावणाची टक्केवारी मोजायचं साधन) त्यांच्याकडे असतो, तुमच्यासमोर बघायला सांगा. पातळ झालं तर इव्हॅपोरेटर धोक्यात, जास्त घट्ट केलं तर पंपाला जड जातं आणि उष्णता कमी वाहते.

विजेचं. ६० टीआरचं यंत्र, दोन पंप धरून ८०-९० किलोवॅटपर्यंत जाईल, प्रवाह दीडशे अँपिअरच्या घरात. पण हे लक्षात घ्या की आइस बँकेचं काम थांबलं म्हणजे अमोनियाच्या एका कॉम्प्रेसरचा मोठा भार उतरला. त्याची मोटर कितीची आहे? १०० एचपी असेल तर ७५ किलोवॅट तिथं वाचले. दोन्ही कॉम्प्रेसर एकदम चालवायचे नाहीत असा नियम शिफ्टला लावा, पॅनेलवर इंटरलॉक घातला तर उत्तम. मग डिमांड फारसा ओलांडणार नाही. तरीही पहिल्या दोन दिवसांत मीटरवरचा एमडी (कमाल मागणी) सकाळ-संध्याकाळ लिहून ठेवा. ओलांडतोय असं दिसलं तर संध्याकाळच्या दोन तासांपुरता जनरेटर भाड्याने लावा, किमान २०० केव्हीए.

केबल ३.५ कोअर अ‍ॅल्युमिनियम आर्मर्ड, १२० स्क्वेअर एमएमची. लांबी जास्त असेल तर त्यावरची. यंत्राला वीज दिल्यावर लगेच सुरू करू नका. क्रँककेस हीटर (कॉम्प्रेसरचं तेल तापवणारा) आधी आठ-बारा तास चालू पाहिजे, तेलात मिसळलेला गॅस निघायला. फेज उलटा लागला तर स्क्रोल कॉम्प्रेसर उलटा फिरतो, फेज सीक्वेन्स मीटर लावून बघा.

जमीन कशी आहे तुमच्याकडे? काळी माती असली तर चार टनांचं यंत्र एका बाजूला बसेल. जाड लाकडी स्लीपर किंवा काँक्रीटचे ठोकळे आधी टाका. हायड्रा क्रेन तासावर बोलवा, दोन्ही वेळेला.

भट्टी_उद्यमबाग

विषय निघालाय म्हणून आमच्या भट्टीवाल्यांसाठी एक सावधगिरी. इंडक्शन फर्नेसच्या पॉवर पॅकला भाड्याचा चिलर लावला तर पाणी थंडगार करण्याच्या मोहात पडू नका. पावसाळ्यात बेळगावची हवा ओली असते. पाणी १५-२० डिग्रीला नेलं की पॅनेलच्या आत बसबारवर, होजवर पाणी सुटतं आणि शॉर्ट होतं. ३० च्या आसपास ठेवा, दवबिंदूच्या वर. आणि चिलर बंद पडला तरी कॉइलला पाणी मिळालं पाहिजे, म्हणून वरची इमर्जन्सी टाकी भरलेली आणि व्हॉल्व्ह मोकळा आहे का ते आधी बघा.

युटिलिटीवाला_चिकोडी

मालकांना काकांचा हिशेब कागदावर दाखवला. आता दूध वळवायचं नाही असं ठरलं. ६० टीआर, प्लेट एक्स्चेंजर, दोन्ही पंप आणि ३ इंची होज, असं कोटेशन मागवलंय. दोन्ही टॅपिंग कालच्या सीआयपीत घालून घेतली. मोटर १०० एचपीचीच आहे, तेव्हा डिमांडची काळजी कमी झाली.

यंत्र आल्यावर खरंच ३३ टीआर देतंय की नाही हे आम्ही कसं तपासायचं? आणि महिन्यानंतर त्यातलं ग्लायकॉल कुठं टाकायचं? ऑपरेटर म्हणतो ईटीपीत (सांडपाणी शुद्ध करायच्या प्लांटमध्ये) सोडून देऊ.

अमोनियाकाका_बेळगाव

तपासणं सोपं आहे. आइस वॉटरच्या आत-बाहेर दोन चांगले थर्मामीटर आणि एक फ्लो मीटर. ताशी लिटर गुणिले तापमानातला फरक, भागिले ३,०२४, आला टीआर. तुमच्याकडे ताशी २८,५०० लिटर पाणी फिरलं आणि साडेतीन डिग्री उतरलं तर ३३ होतात. ग्लायकॉलच्या बाजूने मोजलं तर उत्तराला ०.९५ ने गुणा. हे दुपारी तीन वाजता मोजा, पहाटे नको. थंड हवेत कुठलंही यंत्र चांगलंच दिसतं. आणि मोजायच्या वेळी भार पूर्ण असला पाहिजे, म्हणून दुपारी पाश्चरायझर चालू ठेवा आणि आइस वॉटरच्या टाकीत थोडं साधं पाणी घाला, म्हणजे यंत्राला काम मिळेल. मोजणीच्या कागदावर त्यांच्या माणसाची सही घ्या.

करारात एवढं लिहून घ्या: यंत्र बंद पडलं तर किती तासांत माणूस येणार, किती तासांत दुसरं यंत्र येणार, आणि बंद काळाचं भाडं लागणार का. पुण्याहून तुमच्यापर्यंत तीनशे किलोमीटर आहे, 'लगेच येतो' या शब्दाला काही अर्थ नाही. फॅन मोटर, कॉन्टॅक्टर, फ्लो स्विच असे सुटे भाग यंत्राबरोबरच मागवा.

ग्लायकॉल ईटीपीत सोडू देऊ नका. तुमच्या लूपमध्ये हजार लिटर द्रावण धरलं तर त्यात तीनशे किलो ग्लायकॉल. एका किलोला साधारण १.७ किलो सीओडी (सांडपाण्यातली घाण कुजवायला लागणारा ऑक्सिजन) धरा, म्हणजे पाचशे किलो. तुमच्या डेअरीच्या सांडपाण्याचा तीन दिवसांचा भार एका तासात टाकीत गेला तर एरेशनमधले जिवाणू ते पेलणार नाहीत आणि पुढचे पंधरा दिवस ईटीपीच्या आउटलेटचं सॅम्पल बसणार नाही. ड्रममध्ये काढा. रिफ्रॅक्टोमीटरने टक्केवारी बघा, ड्रमवर तारीख आणि टक्केवारी लिहा, झाकण घट्ट लावून स्टोअरमध्ये ठेवा. ग्लायकॉल तुम्ही विकत घेतलंय, ते तुमचंच आहे, पुढच्या वेळी कामी येईल. फ्लशिंगचं फिकं पाणी मात्र ईटीपीत चालतं, तेही इक्वलायझेशन टाकीतून थोडं थोडं, दोन-तीन दिवसांत.